काचबिंदूचे थेंब आणि कायम लाल डोळे: मदत हवी आहे

आईला काचबिंदू आहे. रात्री लॅटानोप्रोस्ट, दिवसातून दोनदा टिमोलोल, हे थेंब वर्षानुवर्षं चालू. डोळ्यातलं प्रेशर आटोक्यात आहे, पण डोळे लाल, चुरचुरतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या. लॅटानोप्रोस्टमुळे पापण्यांचे केस मात्र नटीसारखे लांब झालेत! डॉक्टर म्हणाले, थेंबांतलं बेन्झाल्कोनियम क्लोराईड हे प्रिझर्व्हेटिव्ह (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) अश्रूंचा थर आणि बुबुळावरच्या पेशी बिघडवत असावं. पुढेमागे ऑपरेशन लागलं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा सुजलेला पातळ पडदा अडचणीचा ठरतो, हे ऐकून धास्तावलोय. थेंब बंद करणार नाहीच, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांवर कुणी गेलंय का? लाली उतरायला किती वेळ लागला? खर्च झेपतो का? एसएलटी (डोळ्यातलं प्रेशर उतरवणारं लेझर) करून थेंब कमी झालेत का कुणाचे?