मे महिन्यात हॅवलॉक बेटावर हवामान कसे असते?

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरीस वृद्ध आईवडिलांसह अंदमानातील हॅवलॉकला, म्हणजेच स्वराज द्वीपला, जाण्याचा विचार आहे. तेथील उन्हाळा त्यांना सोसवेल का?

उत्तर १ : तापमान साधारण ३२ अंशांपर्यंतच जाते, विदर्भासारखी होरपळ नसते; परंतु हवेतील आर्द्रतेमुळे घाम वाळत नाही आणि ज्येष्ठांना लवकर थकवा येतो, म्हणून राधानगर किनाऱ्यावर त्यांना सकाळीच न्यावे. तेथे पाच वाजताच उजाडते.

उत्तर २ : माझ्या मते खरी अडचण उन्हाची नसून पावसाची आहे, कारण नैऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी, साधारणतः २० मेच्या सुमारास, अंदमानात पोहोचतात आणि समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाआधीचा एक दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच (आताचे श्री विजयपुरम) राखून ठेवावा.

उत्तर ३ : तारखा बदलता येत असतील तर फेब्रुवारी निवडा.