मदत हवी आहे: कायटोसॅन नॅनोकणांचा डिस्कभोवती झोन येतो, पण ब्रॉथमध्ये एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) लागत नाही

नमस्कार. टीपीपी (ट्रायपॉलिफॉस्फेट) वापरून आयनिक जिलेशनने, म्हणजे विरुद्ध भारांच्या ओढीने, कायटोसॅन या पॉलिमरचे नॅनोकण केले आहेत. कायटोसॅन २ मिग्रॅ/मिली, १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये. डीएलएसवर (प्रकाश विखुरण्यावरून मोजलेला) आकार १८० नॅनोमीटर, झीटा (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) +३२ मिलिव्होल्ट. ई. कोलाय आणि स्टॅफ. ऑरियसवर डिस्क लावली की ११-१२ मिमीचा झोन (वाढ न झालेलं वर्तुळ) येतो. पण ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये, म्युलर-हिंटन ब्रॉथ या द्रव माध्यमात, सगळे वेल गढूळ. त्यातही सर्वांत जास्त मात्रेचा वेल सर्वांत गढूळ! कोणता निकाल खरा धरू?

प्रतिसाद १

सध्या एकही नको.

झोन बहुधा ॲसिडचा आहे. एवढा मोठा, धन भाराचा कण आगरमधून फारसा सरकत नाही. ॲसेटिक ॲसिड मात्र झटकन पसरतं. कोऱ्या डिस्कवर त्याच तीव्रतेचं, त्याच पीएचचं ॲसिड टाकून बघा. तेवढाच झोन आला तर कणांचा त्यात काही हात नाही.

प्लेटमध्ये भानगड वेगळी आहे. ब्रॉथचा पीएच ७.३ च्या आसपास, कायटोसॅनच्या अमिनो गटांचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या गटांवर भार असतो तो) साधारण ६.५. म्हणजे ज्या भारामुळे कण पेशीभित्तिकेला चिकटतात तोच तिथे बराचसा जातो आणि कण गुठळ्या होऊन बसतात. जास्त मात्रा, जास्त गुठळ्या, जास्त ओडी (गढूळपणाचं माप). प्लेट खालून बघा: वाढ असेल तर तळाशी गोल टिकली दिसते, कणांचे पुंजके कापसासारखे विस्कटलेले असतात.

प्रतिसाद २

ओडी सोडा, रेझाझुरिन (जिवंत पेशींमुळे निळ्याचा गुलाबी होणारा रंग) वापरा. ब्रॉथ दुप्पट तीव्रतेचा करून पीएच ६.० ला आणा. ०.५ मॅकफारलंडचं (ठरावीक प्रमाणित गढूळपणाचं) बॅक्टेरियांचं सस्पेन्शन त्यात १:१५० पातळ करा. वेलमध्ये ५० मायक्रोलिटर कण, ५० मायक्रोलिटर हे. बॅक्टेरिया ५ × १०⁵ सीएफयू/मिली (वसाहत करू शकणाऱ्या पेशी) होतात आणि ब्रॉथही पातळ पडत नाही. मिसळल्यावर पीएच एका नळीत पुन्हा मोजा, ॲसिडमुळे तो हमखास घसरतो. ३५ अंशांवर १८-२० तास, मग ०.०१५ टक्के रेझाझुरिन ३० मायक्रोलिटर, आणखी २-४ तास. निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर आहे.

कंट्रोलमध्ये काटकसर करू नका: नुसतं ॲसिड, नुसतं टीपीपी, साधं कायटोसॅन द्रावण, पीएच ६ च्या ब्रॉथमधले बॅक्टेरिया, आणि बॅक्टेरियाशिवाय कण + रंग. शेवटचा लोक गाळतात. पण रेझाझुरिन ऋण भाराचं आहे, कणांना चिकटून रंग फसवू शकतो.

निळ्या वेलमधून १३ मायक्रोलिटर आगरवर पसरवा (रंग घातल्याने १०० चे १३० मायक्रोलिटर झालेत). सुरुवातीला त्यात सुमारे ५,००० पेशी होत्या, म्हणून ९९.९ टक्के मारले म्हणायला ५ किंवा कमी वसाहती हव्यात. फक्त एक सावधगिरी: कायटोसॅन पेशींचे गठ्ठे बांधतं. गठ्ठ्यातून एकच वसाहत उगवते आणि जिवंत पेशीही मेल्यात जमा होतात. थोडा भाग स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघाच. पातळ करायला पीबीएस (फॉस्फेट असलेलं सलाइन) नको, फॉस्फेटने कायटोसॅन आणखी गोळा होतं; साधं सलाइन घ्या.

धागाकर्ता

धन्यवाद, ॲसिडची डिस्क आजच लावतो. कण निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह चालेल का?

प्रतिसाद २

नाही, कण एकमेकांना चिकटतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तयार कण गाळू नका, बरेचसे त्यातच अडकतील. कायटोसॅन आणि टीपीपीची द्रावणं आधी वेगवेगळी गाळा, मग हूडमध्ये कण करा.

प्रतिसाद १

आणि मात्रा कशी लिहिताय? २ मिग्रॅ/मिली हे टाकलेलं कायटोसॅन झालं, कण नव्हेत. ठरावीक आकारमान सेंट्रिफ्यूज करून गाळ धुवा, फ्रीज-ड्राय करून वजन करा. वरचं पाणी फेकू नका, तेही प्लेटवर लावा. त्यात सुटं कायटोसॅन उरलेलं असतं आणि बऱ्याचदा मारण्याचं काम तेच करत असतं.