आजीचे नाव ठेवायचे ठरले. पण ळ लिहावा की ल?

अमळनेरकर

आमच्या घरी सव्वा महिन्यापूर्वी मुलगी झाली. तिला माझ्या आजीचे नाव द्यायचे, याबद्दल घरात दुमत नाही. दुमत आहे ते एका अक्षराबद्दल. आजीच्या लग्नातल्या पितळी हंड्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी ‘कमळाबाई’ कोरलेले आहे आणि त्यातला ळ इतका झिजला आहे की बोट फिरवल्यावरच कळतो. सातबाऱ्यावर मात्र ती ‘कमलाबाई’ होती, आणि अख्खी गल्ली तिला ‘कमया’ म्हणे, कारण आपल्या अहिराणीत ळ चा य होतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली आहे. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, म्हणून घाई नाही. पत्नीला ‘कमला’ हवे आहे. माझे मत असे की ‘कमळा’च लिहावे. कमला हे लक्ष्मीचे संस्कृत नाव असून ते देशभर सापडते, तर कमळा हे आपल्या कमळाच्या फुलावरून आलेले आहे. ल घातला की ते नाव कोणत्याही कमलेचे होते, माझ्या आजीचे राहत नाही.

सुरतवासी नंदुरबारकर

भावना मान्य आहे, पण मत पटत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे त्यावर जे लिहाल ते मुलीला पुढे सगळीकडे पुरणार आहे. इंग्रजी रकान्यात ळ लिहायला अक्षरच नाही. तिथे एल येणार आणि त्या एलवरून कोणताही संगणक पुन्हा मराठी नाव बनवताना ‘कमला’च करणार. मग एका कागदावर कमळा, दुसऱ्यावर कमला, आणि दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र. आम्ही सुरतेला राहतो, तिथे गुजरातीत ळ आहे म्हणून निभावते. पण बुऱ्हाणपूरच्या आमच्या सोयऱ्यांच्या कागदांवर हिंदीमुळे ‘माळी’चे ‘माली’ झाले ते कायमचेच. आजीचा मान राखण्यासाठी नातीला जन्मभर खुलासे करायला लावणे मला योग्य वाटत नाही.

तापीकाठ

आपलाच मुद्दा आपल्याविरुद्ध जातो. इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंग एकच होणार असेल, तर मराठी रकान्यात ळ लिहिल्याने इंग्रजी कागद बिघडणार तरी कसा? जळगाव, चाळीसगाव, धुळे आणि स्वतः धागाकर्त्यांचे अमळनेर ही सारी गावे इंग्रजीत एल लावूनच जगतात आणि तरीही पत्रावर कोणी ‘अमलनेर’ लिहिले तर आपल्याला खटकते. गावासाठी जो आग्रह धरतो तो आजीसाठी सोडायचा, हे मला समजत नाही. आधारच्या वेळी मराठी नाव आपोआप चुकीचे उमटले तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेता येते. फक्त पडद्याकडे नीट पाहावे लागते आणि रांगेतल्या मागच्या माणसाचा त्रागा सोसावा लागतो.

आसोद्याची लेक

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. ज्या ळसाठी आपण भांडत आहात तो आजींच्या तोंडी कधी नव्हताच; तो भांड्यावर नाव घालणाऱ्या कारागिराचा ळ आहे, जसा सातबाऱ्यावरचा ल हा तलाठ्याचा आहे. आजी सही करत होत्या की अंगठा लावत होत्या, हे आपण लिहिलेले नाही. माझ्या गावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि आप्तांनी टिपून ठेवली आणि छापताना ‘पानी’, ‘मानूस’ असा बोलीतला न तसाच राहू दिला. पण त्यांचे स्वतःचे नाव मात्र पुस्तकावरही आणि २०१८ पासून आपल्या विद्यापीठावरही ण घालूनच लिहिले जाते. गाण्याला बोली चालते, नावाला चालत नाही, असा हा न्याय आहे. खरोखर आजींचेच नाव ठेवायचे असेल तर ‘कमया’ लिहिण्याचे धैर्य दाखवावे. नसेल, तर ळ आणि ल यांत डावे-उजवे करू नये.

घरातली मोठी सून

एक अडचण पुरुषमंडळींच्या लक्षात आलेली दिसत नाही. आमच्याकडे अजूनही सून सासूचे नाव घेत नाही, मग सासूच्या सासूचे तर दूरच. त्याच नावाची मुलगी दूध सांडेल तेव्हा तिची आई तिला कोणत्या नावाने रागावणार? माझ्या लेकीच्या वेळी आम्ही ‘यमुना’चे ‘यामिनी’ केले ते याच कारणाने, आणि आजेसासूबाईंना त्यात काही कमी वाटले नाही. आपल्या पत्नी ल मागत आहेत त्यामागे हेच नसेल कशावरून? आधी त्यांना विचारा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावानंतर आईचे नाव येते, वडिलांचे त्यानंतर. मग पहिल्या नावाच्या अक्षरावर तिचे मत शेवटी का?

अमळनेरकर

विचारले. कारण तेच निघाले, आणि दीड महिना मी व्याकरण सांगत बसलो याची लाज वाटली. आजी अंगठाच लावत असे, त्यामुळे आसोद्याच्या ताईंचा आक्षेप मला खोडता येत नाही. तरीही ‘कमया’ लिहिणार नाही, कारण शाळेत ती चूक समजून कोणीतरी लाल शाईने सुधारील. आणि य ला लिहून ठेवण्याची गरजही दिसत नाही, काल माझी आई पाळण्याची दोरी ओढताना ‘कमया वं, कमया’ असेच म्हणत होती. मराठी रकान्यात ‘कमळा’ आणि इंग्रजीत एल, यावर पत्नीने होकार दिला आहे. रागवायचे नाव ‘चिमी’ राहील, आणि ते तिने निवडले आहे. बारशाला हंडा पुढे मांडायचा आहे. फक्त घासताना गळ्याशी चिंच लावू नका, असे घरात बजावून ठेवले आहे.