फिशटँकच्या लाइटचे खरे वॅट कसे मोजायचे?

चार_फुटी:
चार फुटी टँकवर एलईडी लाइट आहे. खोक्यावर ६० वॅट छापलंय. अडॅप्टरवर ‘आउटपुट १२ व्होल्ट, ३ अँपिअर’ आहे, म्हणजे ३६ वॅट. त्याच्याच वर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ०.८ अँपिअर’, २३० ने गुणलं तर १८४! बिलासाठी यातलं काय धरायचं? मल्टिमीटर आहे. एक वायर कापून सिरीजमध्ये लावला तर चालेल का? लाइट रोज ८ तास चालतो.

कोरडे_हात:
वायर अजिबात कापू नका. ओल्या हातांच्या जागी २३० व्होल्टची उघडी टोकं नकोतच. शिवाय स्वस्त मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूज नसतो. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब तिथेच विसरला आणि व्होल्टेज बघायला सॉकेटमध्ये घातला, की थेट शॉर्ट.

तुमच्या तीन आकड्यांपैकी बिलाचा एकही नाही. ०.८ अँपिअर हा अडॅप्टर जास्तीत जास्त किती ओढू शकेल त्याचा आकडा, तोही कमी व्होल्टेज धरून. ३६ वॅट ही अडॅप्टरची देण्याची मर्यादा. आणि ३६ चा अडॅप्टर ६० वॅटचा लाइट पूर्ण तेजाने चालवूच शकत नाही, त्यामुळे खोक्यावरचा आकडा सोडून द्या.

मोजायचंच तर १२ व्होल्टच्या बाजूला मोजा. स्क्रूवाले डीसी जॅक मिळतात, एक नर, एक मादी. अडॅप्टर बंद ठेवून ते मध्ये जोडा, निगेटिव्ह सरळ जाऊ द्या, पॉझिटिव्हमध्ये मीटर १० अँपिअरवर लावा, मगच चालू करा. समजा २.५ अँपिअर आले: १२ × २.५ = ३० वॅट. अडॅप्टर स्वतः १५ टक्के खातो असं धरलं तर बोर्डातून ३० ÷ ०.८५, म्हणजे सुमारे ३५ वॅट. जॅक टँकच्या झाकणावर ठेवू नका.

गप्पी४२:
इतकी खटपट कशाला? प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर घ्या. बोर्ड, मग मीटर, मग लाइटचा प्लग. पंधरा मिनिटांनी वाचा, कारण एलईडी तापल्यावर आकडा जरा उतरतो. डिमर असेल तर रोज ज्या सेटिंगवर लाइट चालतो तीच ठेवा.

तेही नको असेल तर घराचा मीटर आहेच. त्यावर बहुतेक ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ लिहिलेलं असतं. लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, चार्जर, सगळं बंद. फक्त फिल्टर चालू ठेवा. एक लुकलुक दिसली की स्टॉपवॉच सुरू, पुढच्या दहाव्या लुकलुकीला बंद. वॅट = ११२५० ÷ सेकंद. फिल्टरवर ७५० सेकंद लागले तर १५ वॅट. लाइट लावून २२५ सेकंद लागले तर ५०. फरक ३५, तो लाइटचा. तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा असेल तर ३६ लाखांना त्याने भागून दहाने गुणा, ११२५० च्या जागी ते येईल.

चार_फुटी:
मीटरवर ३२००च आहे, हिशेब ३५ वॅटच्या आसपास आला. पण इलेक्ट्रिशियनच्या क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजतो तो) ०.२७ अँपिअर दाखवले. २३० ने गुणले तर ६२. मग खोकंच बरोबर म्हणायचं का?

चोकवाला:
नाही, योगायोग आहे. ६२ हे व्होल्ट-अँपिअर झाले, वॅट नव्हेत. स्वस्त अडॅप्टरचा पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.५ ते ०.६ असतो, तुमचा ३५ ÷ ६२, म्हणजे ०.५६. घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजतो, म्हणून बिलात ३५च. त्यात अडॅप्टर सलग न ओढता छोट्या झटक्यांत करंट ओढतो आणि साधा क्लॅम्प मीटर इतक्या कमी करंटला चुकतोही. (दोन्ही तारा मिळून क्लॅम्पमध्ये धरल्या तर शून्यच दिसतं, हेही लक्षात असू द्या.)

जुन्या तांब्याच्या चोकच्या ३६ वॅटच्या ट्यूबचीही हीच गंमत: ०.४३ अँपिअर, म्हणजे ९९ व्होल्ट-अँपिअर, पण खरे वॅट चोकसकट ४५ ते ५०.

३५ × ८ × ३० = ८४०० वॅट-तास, महिन्याला ८.४ युनिट. दर मात्र बिलातल्या सरासरीचा नको. लाइटचे हे युनिट वरच्या टप्प्यात भरतात. महिना १०० च्या वर जात असेल तर १०१–३०० चा दर लावा, वहन आकार आणि वीज शुल्क धरून.

कोरडे_हात:
एक राहिलं. वायर प्लगपर्यंत सरळ नेऊ नका, सॉकेटच्या खाली झोळ ठेवा. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, बोर्डात शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टँकखाली नको, भिंतीवर वर टांगा. आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावा. एमसीबी ओव्हरलोड-शॉर्ट बघते, माणसाचा शॉक नाही. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघा. थेट २३० व्होल्टवर चालणारी पाण्यात बुडवायची काचेची एलईडी नळी असेल, तर तिचे वॅट मोजत बसण्यापेक्षा ती काढूनच टाका. टोकाचं रबर कडक झालं की पाणी आत शिरतं.