वेंट पाइपाभोवतीची गळती: तुमचे अनुभव लिहा

टपटप
वरच्या खोलीच्या छतावर बशीएवढा डाग आहे. उतरतं छप्पर, आणि संडास-बाथरूमचा वेंट पाईप (ड्रेनेजला हवा मिळावी म्हणून छतावर काढलेला) तिथूनच जवळपास बाहेर पडतो, म्हणून संशय त्याच्यावर. दोन वर्षांत तीनदा सिलिकॉन भरून झालं. जोराची सर आली की डाग पुन्हा ओला, आता तर पोपडेही सुटायला लागलेत. छत कसलंही असो, ज्यांनी अशी गळती खरोखर थांबवली आहे (किंवा थांबवता थांबवता थकले आहेत) त्यांनी लिहा. काय फसलं ते आधी लिहा.

गच्चीकर
आमचा स्लॅब. गवंड्याने पाइपाभोवती सिमेंटचा देखणा वाटा (बुडाशी गोल उतार) मारून दिला होता. सहा महिन्यांत वाटा आणि पाईप यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट! मला वाटलं माल कमी घातला. पण दोष मालाचा नव्हता. पीव्हीसी तापल्यावर काँक्रीटच्या साधारण पाचपट वाढतं. ३ मीटरचा पाईप ३० अंशांच्या फरकाने ५ मिलिमीटरच्या आसपास लांब-आखूड होतो. त्यात गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरतच नाही.

दुसऱ्यांदा वाटा फोडला. पाईप सँडपेपरने घासला, एपॉक्सी लावली आणि ती ओली असतानाच वर कोरडी वाळू मारली. वाळल्यावर हाताला मांजराच्या जिभेसारखी लागते. मग भोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटचा पातळ माल) भरून नवा वाटा, आणि त्यावर पॉलियुरेथेनचं लवचिक कोटिंग. पहिल्या हातातच फायबरची जाळी दाबायची, वाळलं की दुसरा हात, आणि हे सगळं पाइपावर वीतभर चढवायचं. शेवटी ४८ तास पाणी तुंबवून ठेवलं. तीन पावसाळे झाले, खाली ओल नाही.

पत्र्याखाली
आमच्या शेडवर वाऱ्यावर फिरणारा व्हेंटिलेटर आहे. त्याच्या तळाभोवती मी हौसेने सिलिकॉन मारलं, ते नेमकं व्हिनेगरसारखा वास येणारं. त्यातून निघणारं आम्ल जस्ताच्या पत्र्याला खातं हे नंतर कळलं. धातूसाठी न्यूट्रल प्रकारचं घ्यावं. स्क्रूही इतके आवळले होते की रबरी वॉशर फाटून बाहेर आले. वॉशर किंचित फुगला की थांबायचं असतं.

वाशावरून
टपटप, डागाच्या बरोबर वरच भोक असेल असं धरून चालू नका. आमचं पाणी पाइपापाशी शिरायचं, वाशाच्या पोटाने दोन हात खाली यायचं आणि मग ठिबकायचं.

शोधलं नळीने. हे वर, मी आत टॉर्च घेऊन. आधी पाइपाच्या खालच्या अंगाला दहा मिनिटं पाणी, मग दोन्ही बाजूंना, आणि सगळ्यात शेवटी वरच्या अंगाला. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. (पहिल्या दिवशी आम्ही तेच केलं, वर भांडलो.) वरच्या अंगाला नळी गेली आणि चार मिनिटांत आत पहिला थेंब.

फ्लॅशिंगचा पत्रा (पाइपाभोवती पाणी अडवायला बसवतात तो) उलटा बसवला होता. वरच्या अंगाला तो कौलांच्या खाली हवा, खालच्या अंगाला कौलांच्या वर, म्हणजे माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक आणि पाणी आपोआप बाहेर. आधीच्या कारागिराने खालची कड डांबराने बंद केली होती, त्यामुळे आत गेलेलं पाणी आतच. खालची कड मोकळीच ठेवायची असते. आणि तुमच्या पाइपाची रबरी कॉलर बघा, उन्हाने ती तडकते.

माळ्यावरची
आमच्याकडे पाऊस नसतानाही ठिबकायचं, तेही थंडीत, अंघोळी आटपल्यावर. बाथरूमच्या एक्झॉस्टची नळी गार माळ्यावरून जाते, वाफेचं आतच पाणी व्हायचं. नळीला इन्सुलेशन गुंडाळलं, बाहेरच्या बाजूला उतार दिला, संपलं. त्याआधी छतावर विनाकारण दोनदा माणूस चढवला. डागाखाली वर्तमानपत्र पसरा, थेंबाभोवती पेन्सिलीने गोल करून तारीख-वेळ लिहा. आठवड्यात समजतं पाणी कुठलं ते.

गच्चीकर
आणि कंटाळून पाइपावर टोपी ठोकू नका. आमच्या शेजाऱ्यांनी ठोकली. हवा मिळेना, म्हणून फ्लश केला की जाळीखालच्या ट्रॅपमधलं वास अडवणारं पाणी ओढलं जायचं आणि घरभर गटाराचा वास.

टपटप
आज शिडी बाजूला लावून पहिल्यांदाच पाइपाच्या मागच्या अंगाला पोचलो. कॉलर मागून उभी फाटली आहे, करंगळी जाईल एवढी. खालून ती दिसतच नाही. आणि मी तीनही वेळा सिलिकॉन कुठे भरलं होतं? जिथे हात पोचत होता तिथे, खालच्या कडेला! वाशावरून, तुमच्या त्या कारागिराला आता काही बोलवत नाही.

दुपारभर सुरी घेऊन जुने थर खरवडले, कारण त्यांच्यावर नवं काही धड चिकटत नाही. नवी कॉलर मागवली आहे. तोवर ताडपत्री, आणि डागाखाली वर्तमानपत्र. आत्तापर्यंत दोन गोल झालेत.