मदत हवी आहे: चिंचिलाच्या लेंड्या मऊ पडताहेत, प्रोबायोटिक कोणतं आणि कसं द्यावं? (सांगली)

मऊशेपूट:
चिंचिला (मऊ दाट केसांचा, उंदीरवर्गातला पाळीव प्राणी) मादी, वय दीड वर्ष. नेहमीचं वजन ५२० ग्रॅम, आज सकाळी ४९८. पायाला जखम झाल्याने डॉक्टरांनी एनरोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं तोंडी औषध दिवसातून दोनदा लिहून दिलंय. ते सुरू झाल्यापासून लेंड्या मऊ, एकमेकींना चिकटलेल्या, थोड्या बुडाच्या केसांनाही लागलेल्या. खाणं चालू आहे, पण गवत निम्म्यावर आलंय. पोट फुगलेलं वाटत नाही.
घरचे म्हणतात दही चाटव. मेडिकलवाल्याने बॅसिलस क्लॉसीच्या कुपी पुढे केल्या. बोलार्डी यीस्टच्या पुडीबद्दलही ऐकलंय. डॉक्टर मुख्यतः गुरं-कुत्री बघतात, ते म्हणाले प्रोबायोटिकला हरकत नाही. नेमकं काय देऊ?
आहार: टिमोथी गवत, रोज एक मोठा चमचा पेलेट (दाबून केलेलं तयार खाद्य), अधूनमधून बेदाणे.

वैरणकाडी:
दही नको. दुधातली साखर मोठ्या चिंचिलाला नीट पचत नाही, आणि दह्यातले जिवाणू तिच्या आतड्यात मुळात राहणारे नव्हेत. गवत कुजवून त्यातून ताकद काढायचं काम सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत चालतं. तिथल्या जिवाणूंना लागतो चोथा. साखर गेली की भलतेच जिवाणू माजतात, वायू धरतो. चिंचिलाला उलटी करता येत नाही, त्यामुळे वर चढलेला वायू अडकून राहतो.
आता एक प्रश्न. "अधूनमधून बेदाणे" म्हणजे किती?

मऊशेपूट:
एरवी आठवड्याला एखादा. सध्या औषध फार कडू आहे म्हणून प्रत्येक डोसबरोबर दोन.

वैरणकाडी:
म्हणजे दिवसाला चार. ५०० ग्रॅमच्या जिवाला ही साखर भरपूर झाली, वर अँटिबायोटिक. बेदाणा आजपासून बंद, तासगावचा कितीही चांगला असला तरी. कडूपणा झाकायला तिचेच पेलेट कुटून पाण्यात पातळ लगदा करा आणि औषध त्यातल्या अर्ध्या मिलीत कालवा. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेत बाजूने घालायची, एका वेळी ०.२ मिली, गिळू द्यायचं, मग पुढचं. प्राणी सरळ बसलेला हवा. उताणा धरलात तर लगदा श्वासनलिकेत जातो.
अँटिबायोटिक मात्र मनाने थांबवू नका. एनरोफ्लॉक्सासिन या प्राण्यांत चालणाऱ्यांपैकी आहे. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन कोणी लिहून दिलं तर तिथल्या तिथे विचारा, कारण त्याने सीकममधले उपयोगी जिवाणू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम हे घातक जिवाणू वाढून विषबाधा होते. चिंचिला यात दगावते.

पुडीवाला:
प्रोबायोटिकपुरतं सांगतो. चिंचिलावर यातला ठोस अभ्यास नगण्य आहे, मात्रा सशांवरून किंवा माणसांवरून उतरवलेल्या असतात. म्हणून मिलिग्रॅमचा आकडा इथे देत नाही, तो वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्या. बोलार्डीची २५० मिग्रॅची अख्खी पुडी माणसांच्या हिशेबाची असते, एवढं लक्षात ठेवा.
बोलार्डी हे यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही. बुरशीसाठी इट्राकोनॅझोल वगैरे चालू असेल तर मात्र मरतं, आणि चिंचिलाच्या केसांना पावसाळ्यात बुरशी लागणं नवं नाही. लॅक्टोबॅसिलसची (दह्यातल्यासारख्या जिवाणूंची) पावडर दिलीत तर अँटिबायोटिकपासून किमान दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर अँटिबायोटिक तेही मारतं.
पुडीच्या मागचं बारीक छापलेलं वाचा. लहान मुलांच्या पुड्यांत साखर, लॅक्टोज, संत्र्याचा स्वाद असतो. तो बेदाण्याचाच भाऊ. साधी पुडी घ्या, कोमट पाण्यात कालवा, गरम पाण्यात यीस्ट मरतं. पाण्याच्या बाटलीत मिसळू नका. किती पोटात गेलं कळत नाही, चव बदलली की पाणी पिणंच थांबतं आणि उरलेलं पाणी उन्हाळ्यात आंबतं.

कृष्णाकाठ:
क्लॉसीच्या कुपीलाही माझी ना नाही. त्यातले बीजाणू, म्हणजे कठीण कवचात निद्रिस्त असलेले जिवाणू, पोटातल्या आम्लात टिकतात, कुपीत साखर नसते. पण गवत निम्म्यावर असताना कुपी की पुडी हा वाद दुय्यम आहे.

वैरणकाडी:
बरोबर. आणि अँटिबायोटिक नसतानाही लेंड्या मऊ राहिल्या तर जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) बघून घ्या. चिंचिलांत तो बऱ्यापैकी आढळतो आणि कुठल्याही प्रोबायोटिकने जात नाही.
आता वजन. रोज एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. ५२० चं ४६८ झालं, म्हणजे दहा टक्के उतरलं, की घरचे उपाय बंद. १२ तास काहीच खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, किंवा पोट ढोलासारखं ताणलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पोट ताणलेलं असताना सिरिंजने अन्न भरवू नका, आणखी वायू धरतो. हनुवटी ओली दिसली तर दाढा तपासायला सांगा. दाढ टोचत असली की आधी गवत सुटतं आणि लेंड्या नंतर बिघडतात.

मऊशेपूट:
बेदाणे बंद केले. टिमोथी ऑनलाइन मागवते, पाकीट संपत आलंय आणि यायला वेळ आहे. इथे मिळणारं काय चालेल? लसूणघास सहज मिळतो.

कृष्णाकाठ:
लसूणघास मोठ्या चिंचिलाला रोजचा नको, कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. हिरवी कोवळी ज्वारी अजिबात नाही, सायनाइडची विषबाधा गुरांनाही होते. पूर्ण वाळलेली स्वच्छ हरळी आठवडाभर चालेल, पण फवारणीच्या बांधावरची नको, म्हणजे द्राक्षबागेच्या कडेची तर नकोच. वास घेऊन बघा, कुबट आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली तर फेकून द्या. नवं गवत जुन्यात मिसळत आणा, एकदम बदललं तर पुन्हा लेंड्या मऊ.
खोली गार ठेवा. २५ अंशांच्या वर गेली की ती गवत कमी करते, त्याहून वर उष्माघाताची भीती.

मऊशेपूट:
जिआर्डियासाठी नमुना कसा नेऊ?

वैरणकाडी:
रात्री पिंजऱ्यात कोरडा कागद अंथरा, भुसा काढून टाका. सकाळच्या ताज्या, मऊ लेंड्या झाकणाच्या स्वच्छ डबीत, लगेच फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. जंतू रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेणार असाल तर आधी फोन करा, चिंचिला आहे हे सांगा, आणि अँटिबायोटिकचं नाव व सुरू केल्याची तारीख डबीवरच लिहा.