मदत हवी आहे: मारुती एस्टीमला चार थ्रॉटल बॉडी, मॅप सेन्सर स्थिर राहत नाही

मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेडमध्ये एस्टीमचं १२९८ सीसी इंजिन बांधतोय. प्रत्येक सिलिंडरला बाईकची वेगळी थ्रॉटल बॉडी, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. त्या इंजिनला जोडणारा अॅल्युमिनियमचा फ्लँज इथंच मशीनिंग करून घेतला, काम देखणं झालंय. व्हॅक्यूम गेज लावून चारही बॉडी जुळवल्या, तरी आयडलिंगला लॅपटॉपवर मॅप सेन्सरचा (झडपेपुढच्या हवेचा दाब मोजणारा) आकडा नुसता नाचतो. चारही रनरना (सिलिंडरकडे हवा नेणारे मार्ग) बारीक नळ्या लावून त्या एका छोट्या डब्यात जोडून सिग्नल घ्यावा, की सरळ थ्रॉटलच्या कोनावर आणि आरपीएमवर ट्यूनिंग करावं? दुसऱ्यात मला धास्ती चोर्ला घाटाची. खाली उतरताना हवा दाट होते, ते ईसीयूला (इंधन ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) कळणार कसं? बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा बॅरोमेट्रिक सेन्सर कुणी लावलाय का? आणि ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम कुठून घेतलात? ब्रेकच्या बाबतीत अंदाजपंचे काही नको. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी जाणकार असेल तर सांगा, गाडी टेम्पोत घालून आणतो.